उजेड हवा, ऊन नको! मालवणच्या घराला कोणतं 'दुधी' छप्पर चालेल?



मे महिन्यातल्या भर दुपारी कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात शिरलात की दोन गोष्टी लगेच जाणवतात. एक म्हणजे बाहेरपेक्षा आत बरं वाटतं. दुसरी म्हणजे माजघरात लाइट लावल्याशिवाय काही दिसत नाही. बाहेर सूर्य जवळपास १ लाख लक्स उजेड ओततोय आणि आत आपण ९ वॉटचा बल्ब लावून बसलोय!

यावर उपाय म्हणून हल्ली सगळीकडे पत्र्यामध्ये एक-दोन पारदर्शक शीट टाकतात. उजेड भरपूर येतो, पण त्याखाली दुपारी जेवायला बसता येत नाही. मग दुकानदार आणखी महाग वस्तू दाखवतो: आतून पोकळ कप्पे असलेली, दुधी रंगाची, 'इन्सुलेटेड' शीट. परदेशात याच कल्पनेवर मोठमोठी ऑफिसं, शाळा आणि म्युझियम उभी आहेत. उजेड आत येऊ द्यायचा, तो खोलीभर सारखा पसरवायचा आणि उष्णता अडवायची, असं तिचं काम.

माझ्या मावशीच्या तारकर्लीकडे पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. जेवणाच्या पडवीवर नवं छप्पर घालायचं होतं, तेव्हा तिलाही हीच शीट सुचवली गेली. तिची मागणी एका वाक्याची होती: "रे झिला, माका उजेड व्हयो, ऊन भायरच ऱ्हवांदे." हे कितपत शक्य आहे आणि त्यासाठी नेमके कशाचे पैसे मोजायचे, तेच आज समजून घेऊया.

दुधीपणा म्हणजे काय? फोनमध्येच बघा

तुमच्या फोनची स्क्रीन एलसीडी असेल, तर तिच्या कडेला छोटे एलईडी असतात. तरीही स्क्रीनवर ठिपके दिसत नाहीत, सगळीकडे सारखा उजेड दिसतो. कारण मागे एक पातळ दुधी थर असतो, त्याला डिफ्यूजर म्हणतात. त्याच्यावर पडलेला किरण सरळ निघून जात नाही. आतल्या बारीक कणांवर आपटून तो हजार दिशांना विखुरतो.

घरी करून बघा. अंधाऱ्या खोलीत फोनचा टॉर्च लावा आणि समोर बोट धरा. भिंतीवर काळीकुट्ट, धारदार सावली पडेल. आता टॉर्चपासून वीतभर अंतरावर बटर पेपर ताणून धरा. सावलीची धार जाईल आणि प्रकाश मऊ होईल.

छपरात हेच घडतं. मंगलोरी कौलांच्या घरात मध्येच एखादं काचेचं कौल बसवलेलं तुम्ही पाहिलं असेल. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्याच साच्यातलं काचेचं कौल म्हणजे आपल्याकडचं सगळ्यात सोपं 'स्कायलाइट'. पण साधी काच किरण सरळ सोडते. म्हणून खाली जमिनीवर एक झगझगीत कवडसा पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. कवडशात डोळे दिपतात आणि दोन हातांवरचा कोपरा तसाच काळोखात राहतो. तेच कौल दुधी असेल तर कवडसा मोडतो आणि कोपऱ्यापर्यंत उजेड पोचतो. एकूण उजेड थोडा कमी झाला तरी खोली जास्त उजळ वाटते.

आपल्या शेजाऱ्यांनी हे शिंपल्यांनी केलं होतं

बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून गोव्यात गेलात, तर तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्या नीट बघा. पणजीच्या फोंताइन्हास भागात किंवा गावातल्या जुन्या वाड्यांमध्ये लाकडी पट्ट्यांत बसवलेले छोटे चौकोनी, मोतिया तुकडे दिसतील. ती काच नाही, तो शिंपला आहे. विंडोपेन ऑयस्टर नावाच्या चपट्या शिंपल्याचे तुकडे घासून, कापून खिडकीत बसवायचे. आपण खातो ते कालव वेगळं. या जिवाचं शास्त्रीय नाव प्लॅकुना प्लॅसेंटा.

काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळातली ही युक्ती. तिची रचना मात्र आजच्या प्रयोगशाळांनाही भुरळ घालते. एमआयटीच्या लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ मध्ये या शिंपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की शिंपला जवळजवळ ९९ टक्के कॅल्साइट आहे, म्हणजे खडूच्या जातीतलंच खनिज. तरीही तो सुमारे ८० टक्के प्रकाश आरपार सोडतो, कारण त्याचे पातळ थर एकावर एक अतिशय नीट रचलेले असतात. आज हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे समुद्रातून काढून खिडकीला लावायचा विचार करू नका.

आता मुद्दा बघा. या शिंपल्याच्या खिडकीत इन्सुलेशन जवळपास शून्य. पातळ थर, त्यातून उष्णता सहज ये-जा करते. तरी त्या खोल्या तापत नाहीत, कारण त्या खिडक्या उभ्या भिंतीत असतात आणि बहुधा वर छपराची सावली असते. म्हणजे 'उजेड पसरवणं' आणि 'उष्णता अडवणं' ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात ती एकाच नावाखाली विकली जातात, गोंधळ तिथे होतो.

इन्सुलेटेड शीट आतून कशी असते?

सगळा खेळ अडकवलेल्या हवेचा. हवा हलली नाही तर ती उष्णता फार हळू पुढे देते. गोधडी ऊबदार असते ती याच कारणाने.

* मल्टिवॉल पॉलीकार्बोनेट: दोन किंवा जास्त पातळ थर आणि मध्ये उभे कप्पे. पुठ्ठ्याच्या खोक्याची कड बघा, तसंच. कप्प्यात हवा अडकते. आपल्याकडे सहज मिळते ती हीच.
* फायबरग्लास सँडविच पॅनेल: दोन दुधी थर, मध्ये चौकट आणि हवं तर काचेच्या तंतूंची भर. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली कालवॉल ही कंपनी १९५५ पासून अशी पॅनेलं बनवते.
* एरोजेल भरलेली पॅनेलं: सॅम्युअल किस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये एरोजेल बनवलं. जेलमधलं द्रव काढून घ्यायचं, पण सांगाडा कोसळू द्यायचा नाही. उरतो तो ९० टक्क्यांहून जास्त हवा असलेला, धुरासारखा दिसणारा घन पदार्थ. त्याचे दाणे दोन थरांमध्ये भरले की उजेड आत येतो आणि उष्णता मात्र अडकते.

उष्णता किती सहज आरपार जाते ते मोजतात 'यू-व्हॅल्यू'ने. आकडा जितका लहान तितकं इन्सुलेशन चांगलं. एकेरी काच किंवा शीट साधारण ६ च्या आसपास, १० मिलिमीटरची दोन थरांची पॉलीकार्बोनेट शीट ३ च्या आसपास आणि एरोजेल भरलेलं जाड पॅनेल १ च्या आसपास. म्हणजे १ चौरस मीटर शीट आणि आत-बाहेर १ अंशाचा फरक असेल, तर त्यातून तेवढे वॉट उष्णता जाते.

दुसरा आकडा 'एसएचजीसी'. शीटवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ते हा सांगतो. ०.८ म्हणजे ८० टक्के आत. तिसरा 'व्हीएलटी', म्हणजे दिसणारा उजेड किती टक्के आत येतो. हे तीन आकडे कळले की शीटच्या जाहिरातीतले मोठे शब्द वाचायची गरज उरत नाही.

आता मालवणचा हिशेब करू

१ चौरस मीटर तुकडा धरा. भर दुपारी त्यावर उन्हाचे साधारण ९०० वॉट पडतात.

साधी पारदर्शक शीट असेल आणि एसएचजीसी ०.८ असेल, तर आत येतात ७२० वॉट. इस्त्री चालू करून छताला टांगली आहे असं समजा. दुधी शीट असेल आणि एसएचजीसी ०.४ असेल, तर ३६० वॉट. निम्मी उष्णता बाहेर राहिली, आणि तीही नुसत्या पांढऱ्या रंगामुळे.

आता इन्सुलेशनचा हिशेब. मालवणला मे महिन्यात कमाल तापमान साधारण ३३ अंश असतं. पंख्याच्या खोलीत आत ३० धरू. फरक ३ अंशांचा. एकेरी शीट असेल तर ६ गुणिले ३, म्हणजे १८ वॉट आत येतील. महागडं एरोजेल पॅनेल लावलं तर ३ वॉट. वाचले किती? १५ वॉट!

जर्मनीत कडक थंडीच्या दिवशी बाहेर उणे ५ आणि आत २० अंश असू शकतात. फरक २५ अंशांचा. तिथे एकेरी शीटमधून १५० वॉट निसटतात, एरोजेलमधून फक्त २५. शिवाय हे रात्रंदिवस, महिनोन् महिने चालतं. तिथल्या माणसाने इन्सुलेशनवर पैसे घातले तर ते वसूल होतात.

आपला शत्रू बाहेरची गरम हवा नाही, डोक्यावरचं ऊन आहे. म्हणून कोकणात आधी एसएचजीसी बघा, यू-व्हॅल्यू नंतर. सरकारी नियमही याच दिशेने जातात. व्यावसायिक इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत स्कायलाइटला यू-व्हॅल्यू ४.२५ पर्यंत चालते, पण एसएचजीसी ०.३५ च्या वर जाऊ नये असं म्हटलंय.

महागडं पॅनेल लावून इथे कोणाची खोली थंड झाली असेल, तर त्याचं श्रेय बहुतेक वेळा त्याच्या कमी एसएचजीसीला असतं. जाड पॅनेल मुळातच कमी ऊन आत सोडतं.

एक खुलासा. हे सगळं उजेड सोडणाऱ्या शीटबद्दल चाललंय. साधा लोखंडी पत्रा उन्हात स्वतःच हात लावता येणार नाही इतका तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो. त्याच्याखाली इन्सुलेशन किंवा दुसरं छत घातलं तर फरक मोठा पडतो. पैसे कमी असतील तर आधी तिकडे घाला.

उजेड किती लागतो? वाटतो त्यापेक्षा खूप कमी

आता एक मजेशीर आकडा. चांगला एलईडी बल्ब १ वॉटमागे साधारण १०० लुमेन उजेड देतो. सूर्यप्रकाशही १ वॉटमागे साधारण तेवढाच देतो. म्हणजे फुकटचा उजेडसुद्धा उष्णतेशिवाय येत नाही. आत आलेला प्रत्येक किरण शेवटी भिंतीत, जमिनीत मुरून उष्णताच होतो. म्हणून लागेल तेवढाच उजेड आत घ्यायचा.

१२ बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर. वाचायला ३०० लक्स पुरतात. म्हणजे गरज ४,००० लुमेनची, ९ वॉटचे चार-पाच बल्ब. छपराच्या फक्त ५ टक्के, म्हणजे ०.६७ चौरस मीटर दुधी शीट टाकली आणि व्हीएलटी ३० टक्के असेल, तर भर दुपारी सुमारे १८,००० लुमेन आत येतात. निम्मे भिंतींनी खाल्ले तरी गरजेच्या दुप्पट! आणि उष्णता येते सुमारे २४० वॉट, खोलीत अडीच माणसं जास्त बसल्यासारखी. (स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो.)

मग त्याहून लहान तुकडा का नको? कारण पावसाळा. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैच्या काळ्या ढगांखाली बाहेरच १०,००० लक्स किंवा त्याहून कमी उजेड असतो. तेव्हा हाच तुकडा आत २,००० लुमेन सोडेल, त्यातले निम्मे कामाला येतील. वाचायला बल्ब लागेल, पण घरात वावरायला लागणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर जिल्ह्यातल्या अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हा दिवसा तरी अंधारात बसावं लागू नये, एवढीच अपेक्षा किती मोठी होती, ते इथल्या लोकांना विचारा.

माझ्या मते ५ टक्के ही बरी मर्यादा आहे. अख्खी पडवी शीटने झाकणं म्हणजे स्वतःसाठी भट्टी बांधणं.

कुठे लावायची?

मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ५ मेच्या आणि ८ ऑगस्टच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस. मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो आणि हिवाळ्यात बराच दक्षिणेकडे.

उत्तरेकडच्या उतारावर दुधी तुकडा बसवला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी थेट ऊन कमी लागतं. पण मे महिन्यात दोन्ही उतार जवळपास सारखेच तापतात. तेव्हा कामाला येते ती सावली, मग ती फणसाची असो की आंब्याची. त्याहून चांगली जागा म्हणजे उत्तरेच्या भिंतीत, वळचणीखाली आडवी दुधी पट्टी. तिथे आकाशाचा उजेड मिळतो, डोक्यावरचं ऊन लागत नाही आणि नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड थेट मारत नाही. गोव्याच्या शिंपल्याच्या खिडकीचं शहाणपण यातच आहे.

मावशीच्या पडवीला आम्ही हेच केलं. छपरात उत्तरेच्या उतारावर दोन छोटे दुधी तुकडे आणि भिंतीच्या वरच्या भागात एक पट्टी. उरलेल्या पैशांत पत्र्याखाली छत.

मग इन्सुलेटेड शीट कोणी घ्यावी?

जिथे एसी दिवसभर चालतो त्यांनी. आत २४, बाहेर ३३ असेल तर फरक ९ अंशांचा. एकेरी शीटमधून चौरस मीटरमागे ५४ वॉट, एरोजेलमधून ९. शिवाय आपल्या दमट हवेत आणखी एक भानगड होते. एसीच्या खोलीची एकेरी काच थंड पडते आणि बाहेरून तिला घाम सुटतो. पाणी साचलं की शेवाळ आलंच. कप्प्यांच्या शीटचा बाहेरचा थर तितका थंड होत नाही. त्यामुळे एसीचा हॉल, क्लिनिक, ऑफिस यांना ती कामाची. पंख्याच्या पडवीला नाही.

दुकानात गेल्यावर काय विचाराल?

1. एसएचजीसी आणि व्हीएलटी किती? आकडा लिहिलेला कागद मागा. छपरासाठी एसएचजीसी ०.४ किंवा कमी बघा.
2. यूव्ही थर कोणत्या बाजूला आहे? पॉलीकार्बोनेटला यूव्हीपासून वाचवणारा थर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. ती बाजू आकाशाकडेच हवी. उलटी बसली तर शीट लवकर पिवळी पडते आणि ठिसूळ होते.
3. कप्प्यांची तोंडं कशी बंद करणार? वरचं तोंड पक्कं बंद, खालचं हवा जाऊ देणाऱ्या टेपने. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कप्प्यांत हिरवं शेवाळ दिसेल आणि ते काढता येत नाही.
4. स्क्रू कसले? खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो, मग वादळात शीट तिथूनच सुटते. स्टेनलेस स्टीलचे मागा.
5. भोकं सैल ठेवणार ना? तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ३ मीटरची शीट जवळपास ८ मिलिमीटरने वाढते. घट्ट भोकातून ती तडकते.

आणि विकत घ्यायच्या आधी नमुन्याचा तुकडा घ्या, उन्हात धरा आणि खाली फोन ठेवून लक्समीटरचं ॲप चालवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर असतो. आयफोनवर अशी ॲप्स कॅमेऱ्यावरून अंदाज घेतात. दोन्हीचा आकडा काटेकोर नसतो, पण एकाच फोनवर तुलना करायला पुरतो. आधी तुकड्याशिवाय मोजा, मग तुकड्याखाली. दुसऱ्याला पहिल्याने भागा, आला तुमचा अंदाजे व्हीएलटी. मग हात तुकड्याच्या खाली धरा आणि सावली बघा. बोटांची धार स्पष्ट दिसली तर ती शीट उजेड नीट पसरवत नाही. ती परत द्या आणि जास्त दुधी तुकडा मागा.